जुन्या शहरातून सायकल: आतले बोळ बरे की बाहेरचा रंगवलेला पट्टा?

जुनं शहर ओलांडून रोज कामाला जायचं असेल तर सायकलवाल्यापुढे बहुधा दोनच वाटा असतात. एक आतून, गल्ल्या-बोळांतली. दुसरी, जुना तट होता तिथून फिरणाऱ्या रुंद रस्त्याची, कडेला सायकलचा पट्टा रंगवलेली. मी दोन्हींवर बरीच सायकल चालवली. आता आतूनच जातो, पण बाहेरची वाट टाकाऊ आहे असं म्हणणार नाही.

बाहेर डांबर गुळगुळीत, वेगही चांगला मिळतो. आतली दगडी फरसबंदी हाडं खिळखिळी करते आणि पावसात निसरडी होते. चाळीसेक मिलिमीटर रुंदीचे टायर आणि हवा जरा कमी, एवढ्यावर माझं निभतं. गर्दीत मात्र उतरून चालावं लागतं.

माझा निर्णय झाला तो पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांमुळे. कुणी माल उतरवतोय, कुणी ‘दोनच मिनिटं’ म्हणून गेलाय. मग मागे बघा, हात दाखवा, भरधाव रहदारीत घुसा, परत आत या. तेवढ्यात पुढची गाडी हजर. पट्टा पार्किंगला चिकटून आखलेला असेल तर मोकळा असूनही उपयोगाचा नाही. मोटारीचं दार उघडलं की जवळपास मीटरभर जागा खातं. दीड मीटरच्या पट्ट्यात मग उरतं काय? हँडललाच साठेक सेंटीमीटर लागतात. वर मागचा चालक धरून चालतो की तुम्ही रेघेच्या आतच राहणार. आणि चौक आला, म्हणजे पट्ट्याची खरी गरज पडली, की रंग संपतो!

बोळात पट्टा नाही, पण वेगही नाही. मोटार मागे लागली तर मी सरळ मधून चालवतो आणि जागा मिळाली की तिला पुढे सोडतो. टेम्पोने वाट अडवली तर उतरून कडेने निघतो. मला तरी आत जीव मुठीत धरावा लागत नाही.

शहराने थोडी मदत केली तर प्रश्नच मिटतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने १९७७ मध्ये मध्यवस्तीचे चार भाग पाडले आणि मोटारींना एका भागातून दुसऱ्यात थेट जाणं बंद केलं; सायकलींना मुभा राहिली. बेल्जियममधल्या गेंटने २०१७ मध्ये साधारण हाच मार्ग धरला. अरुंद गल्ल्या रुंद न करता त्यातली मोटारींची ये-जा कमी झाली.

अशी सोय नसली तरी एक गोष्ट आधी तपासा: एकेरी गल्लीत सायकलला उलट दिशेने जायला परवानगी आहे का? फ्रान्समध्ये ताशी ३० किलोमीटर मर्यादेच्या भागांत तसा सर्वसाधारण नियमच आहे. मनाई असेल तर फलक असतो. परवानगी असेल तर मी आतलीच वाट सुचवीन. नसेल तर वळसे मोजून बघा. दुप्पट अंतर पडत असेल तर बाहेरून जा, फक्त पार्क केलेल्या गाड्यांपासून निदान मीटरभर लांब राहा, मग चाक रेघेबाहेर गेलं तरी चालेल.