ठाण्याच्या नौपाड्यातलं ॲलर्जी क्लिनिक: सुई चोख, बाटलीचं बघा

दुसरा मजला, लिफ्ट नाही. दम्याच्या पेशंटला हे आधी सांगायला हवं.

टेस्ट मात्र नीट करतात. सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करायला लावतात, हातावर ॲलर्जनच्या (ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांच्या) थेंबांसोबत तुलनेसाठी हिस्टॅमिन आणि सलाइनही टोचतात आणि १५-२० मिनिटांनी फुगवटा पट्टीने मोजतात. सलाइनपेक्षा ३ मिमी मोठा, तरच पॉझिटिव्ह. डस्ट माइटसोबत (धुळीतले सूक्ष्म किडे) झुरळालाही फुगवटा आला, पण शिंका गादी झटकतानाच येत असतील, तर फक्त माइटचं इंजेक्शन लिहितात. म्हणजे इम्युनोथेरपी: ज्याची ॲलर्जी त्याचाच अर्क थोडा थोडा टोचून शरीराला सवय लावायची. ठाण्याच्या दमट हवेत गादीतल्या माइटची चैनच असते.

इंजेक्शन दंडाच्या मागे, कातडीखाली. पहिले काही महिने दर आठवड्याला वाढता डोस, मग महिन्यातून एकदा, निदान ३ वर्षं. एवढा काळ कशाला, हे इथे कुणी समजावत नाही, आणि मग शिंका थांबल्या की लोक यायचेच थांबतात. सुरुवातीच्या डोसांनी हिस्टॅमिन सोडणाऱ्या मास्ट पेशी आणि बेसोफिल जरा सुस्तावतात, इतकंच. टिकाऊ काम नियामक टी पेशींचं, म्हणजे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी-रेगचं. २०२५चं वैद्यकाचं नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं ते या पेशींच्या शोधाशी जोडलेलं. टी-रेग आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही निरोप देणारी प्रथिनं सोडून ॲलर्जी पेटवणाऱ्या टीएच-२ पेशींना आवरतात. आयएल-१०मुळे बी पेशी आयजीजी-४ हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) बनवायला लागतात आणि ते ॲलर्जनला आयजीईपर्यंत, म्हणजे ॲलर्जी घडवणाऱ्या प्रतिपिंडापर्यंत, पोचण्याआधीच गाठतं. आयजीई स्वतः मात्र आधी वाढतं, मग सावकाश उतरतं. म्हणून सहा महिन्यांनी आयजीई तपासून ‘काही फरक नाही’ म्हणू नका. गोळ्या आणि इन्हेलर किती कमी लागले, ते मोजा.

खटकतं ते बाटलीचं. एकाहून जास्त ॲलर्जी निघाल्या की सगळे अर्क एकत्र करून देतात. मेन्टेनन्सच्या एका इंजेक्शनात मुख्य ॲलर्जन साधारण ५ ते २० मायक्रोग्रॅम जायला हवं. आठ-दहा अर्क एकत्र केले की प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, त्यावर टी-रेग कशा जाग्या होणार? शिवाय झुरळ आणि बुरशीच्या अर्कातले प्रोटीएझ (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) परागकणांच्या अर्कातली प्रथिनं फोडतात. वेगळ्या बाटल्या मागा. मागितल्या तर देतात.

काउंटरवर ‘फूड इंटॉलरन्स’च्या आयजीजी पॅनेलचा बोर्ड आहे, तिकडे दुर्लक्ष करा. रक्तातलं आयजीजी ही फक्त ते अन्न पोटात जातं आणि शरीर ते चालवून घेतं, याचीच खूण. रोज चपाती-दूध घेणाऱ्याच्या रिपोर्टात गहू आणि दूध लाल येणारच.

सुरक्षेत कसूर नाही. दर वेळी पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते) बघतात. दमा आटोक्यात नसेल तर त्या दिवशी सुई नाही. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकाराची गोळी) चालू आहे का, विचारतात, कारण रिॲक्शन आलीच तर त्या गोळीमुळे ॲड्रेनालिन, म्हणजे तेव्हा टोचायचं तातडीचं औषध, नीट लागू पडत नाही. इंजेक्शननंतर अर्धा तास समोर बसवतात, ॲड्रेनालिन टेबलावरच. नवी बाटली उघडली किंवा तारीख फार चुकली, तर डोस खाली आणतात. त्या दिवशी जिम नको.

सुईऐवजी जिभेखालचे थेंब घेतले, तर त्यांचा पहिला डोसही इथेच देतात. पुढे रोज घरी, जिभेखाली एक-दोन मिनिटं धरून मग गिळायचे. बाटली २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको. गोठली तर टाकून द्या.