ओव्हरड्राफ्ट गृहकर्ज: भाड्याने द्यायच्या फ्लॅटसाठी कितपत कामाचं?

ओव्हरड्राफ्ट गृहकर्जात कर्जाच्या खात्यातच जादा पैसे ठेवता-काढता येतात. एसबीआय मॅक्सगेनसारख्या अशा कर्जात भाडेकरूचं डिपॉझिट ठेवलं की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. तो सोडून गेला की काढून परत देता येतं. साडेआठ टक्क्यांनी 3 लाखांवर वर्षाला 25,500 रुपये वाचतात. पण हप्ता तेवढाच राहतो, आणि नवखे नेमके इथेच फसतात. 40 लाख, 20 वर्षं: हप्ता सुमारे 34,700. भाडं 20,000, त्यातून मेंटेनन्स 2,500. म्हणजे दरमहा 17,200 खिशातून. महिनाभर फ्लॅट रिकामा, की आणखी 20,000. (सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने दिल्याचं शुल्क, वेगळे; महाराष्ट्रात सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त देऊ नका.) ओव्हरड्राफ्ट कर्जाचा व्याजदर सहसा साध्या कर्जापेक्षा किंचित चढा. खात्यात शिल्लक टिकत नसेल तर साधंच कर्ज बरं.