डिस्नी की युनिव्हर्सल: ऑर्लँडोची तिकिटं काढण्याआधी

ऑर्लँडोला जायचं ठरलं की घरात दोन तट पडतात. शाळकरी मुलांना हॅरी पॉटर हवा असतो, धाकटीला राजकन्या भेटायला हव्या असतात, आजी-आजोबा म्हणतात, "तुम्ही फिरा, आम्ही सावलीत बसतो." तिकिटं काढणाऱ्यापुढे मात्र एकच प्रश्न असतो: तिथल्या दोन मोठ्या थीम पार्क समूहांपैकी कुठला, डिस्नी की युनिव्हर्सल? याचं उत्तर राईड्सच्या यादीत शोधू नये, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांत लहान मुलाची उंची किती, सगळ्यांत ज्येष्ठ माणसाचे गुडघे कसे आहेत आणि दुपारी एक वाजता सगळे मिळून काय खाणार, एवढं आधी बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

जागा आणि पायपीट

वॉल्ट डिस्नी वर्ल्ड 1971 साली मॅजिक किंगडमने सुरू झालं. मग 1982 मध्ये एपकॉट, 1989 मध्ये आजचं हॉलिवूड स्टुडिओज आणि 1998 मध्ये अ‍ॅनिमल किंगडम आलं. ही चारही पार्क एकमेकांपासून दूर आहेत. सगळी जागा मिळून शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे एका पार्कातून दुसऱ्यात जायचं तर बस, मोनोरेल, बोट नाहीतर स्कायलाइनरचे पाळणे. हा प्रवास फुकट आहे, पण वेळ खातो. मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने गेलात तर गाडी लावल्यावर पुन्हा मोनोरेल किंवा फेरीबोट पकडून दारापर्यंत पोचावं लागतं. लहान मूल आणि स्ट्रोलर बरोबर असेल तर गाडी लावल्यापासून पहिल्या राईडपर्यंत तास सहज जातो.

युनिव्हर्सलची दोन जुनी पार्क, युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा (1990) आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर (1999), शेजारी-शेजारी आहेत. मधे सिटीवॉकची रेस्टॉरंट्स आणि दुकानं. एकातून दुसऱ्यात पायी जाता येतं. हॅरी पॉटरचा परिसर दोन्हीकडे विभागलेला आहे, आयलंड्समध्ये हॉग्समीड, स्टुडिओजमध्ये डायगॉन अ‍ॅली, आणि मधे हॉगवर्ट्स एक्सप्रेस धावते. तिच्यात बसायला दोन्ही पार्कांत जाता येईल असं पार्क-टू-पार्क तिकीट लागतं. एका पार्कचं स्वस्त तिकीट काढून गेलात तर पॉटरवेड्या मुलाला अर्धीच गोष्ट दिसेल. या बाबतीत काटकसर करू नका. मे 2025 मध्ये उघडलेलं एपिक युनिव्हर्स हे तिसरं मोठं पार्क या दोघांपासून काही मैलांवर आहे. निन्टेंडो, ड्रॅगन्स आणि मिनिस्ट्री ऑफ मॅजिकसाठी त्याला वेगळा अख्खा दिवस द्यावा लागतो.

टेप घेऊन उंची मोजा

हे खरंच करा, बुटांसकट. दोन्हीकडे तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे, पण राईडच्या दारात वय कुणी विचारत नाही, पट्टीला उभं करतात. युनिव्हर्सलच्या सगळ्यांत गाजलेल्या राईड्स उंच मुलांसाठी आहेत. हॅग्रिडच्या मोटरबाइकला 122 सेंटिमीटर लागतात, व्हेलॉसिकोस्टरला 130 आणि हल्कला 137. सहा वर्षांच्या सर्वसाधारण मुलाला यातलं बहुतेक काही मिळत नाही. त्याच्यासाठी सूस लँडिंग आहे, 2024 मध्ये उघडलेलं ड्रीमवर्क्स लँड आहे, आणि दोन्ही छान आहेत, पण तेवढ्यावर तीन दिवस निघत नाहीत.

डिस्नीमध्ये, आणि त्यातही मॅजिक किंगडममध्ये, उंचीची अट नसलेल्या राईड्स ढिगाने आहेत. तिथे आजी, नात आणि बाबा एकाच बोटीत बसू शकतात, आणि माझ्या लेखी डिस्नीची खरी किंमत हीच आहे. अट असली तरी बरेचदा ती खालची असते. सात बुटक्यांच्या खाणगाडीला 97 सेंटिमीटर पुरतात, स्पेस माउंटनला 112. ट्रॉन मात्र 122 ला जातं.

आणखी एक गोष्ट तिकिटं काढताना कुणाच्या डोक्यात येत नाही. युनिव्हर्सलच्या बऱ्याच राईड्समध्ये मोठ्या पडद्यासमोर खुर्ची हलत असते. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना अशा दोन राईड्स लागोपाठ झाल्या की मळमळतं आणि पुढचा अर्धा दिवस जातो. घरात असं कुणी असेल तर मधे एखादी उघड्यावरची राईड ठेवा आणि जेवणानंतर लगेच पडद्याची राईड घेऊ नका. डिस्नीतही फ्लाइट ऑफ पॅसेजसारख्या अशा राईड्स आहेत, पण त्या तुलनेने कमी.

मुलाची उंची भरत नसेल तर दोन्हीकडे आई-बाबांना आळीपाळीने बसायची सोय आहे. एकजण मुलापाशी थांबतो, दुसरा परत आला की पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला आधी सांगायचं, एवढंच.

रांगा टाळायचे पैसे

डिस्नीची पद्धत नियोजन करणाऱ्यांना धार्जिणी आहे. लायटनिंग लेन मल्टी पास विकत घेतला की तीन राईड्सच्या वेळा आधी निवडता येतात. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन दिवस आधी. सगळ्यांत मागणी असलेल्या राईड्सचा पास वेगळा घ्यावा लागतो. मग दिवसभर फोन हातात. ज्याला हे आवडतं तो खूश असतो, ज्याला नाही त्याची सुट्टी अ‍ॅपमध्ये जाते.

युनिव्हर्सलचा एक्सप्रेस पास सरळ आहे, राईडच्या वेगळ्या, छोट्या रांगेतून आत जायचं. महाग आहे. पण पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहिलात तर खोलीतल्या सगळ्यांना दोन्ही जुन्या पार्कांचा अमर्याद एक्सप्रेस खोलीच्या भाड्यातच मिळतो, आणि तो येण्याच्या व निघण्याच्या अशा दोन्ही दिवशी चालतो. एक रात्र, दोन दिवसांचे पास. चौघांचं कुटुंब असेल तर पासांची किंमत आणि खोलीचं भाडं शेजारी मांडून बघा, गर्दीच्या दिवसांत खोली घेणं बरेचदा परवडतं. एपिक युनिव्हर्सला मात्र ही सवलत लागू नाही.

जेवण: इथे फरक मोठा आहे

दोन्ही ठिकाणी जेवणाचे दोन प्रकार: काउंटरवरून घेऊन खायचं, नाहीतर टेबलावर बसून वेटरकडून मागवायचं. काउंटरवर मोठ्या माणसाचं जेवण साधारण 12 ते 20 डॉलरमध्ये होतं. टेबलावर बसलात की बिलावर विक्रीकर आणि त्यावर 18 ते 20 टक्के टिप. ही टिप ऐच्छिक वाटली तरी अमेरिकेत ती धरूनच चालायचं. मेन्यूवरची किंमत वाचताना मनात सव्वापट करून बघा, म्हणजे बिल आल्यावर दचकायला होत नाही. सहा किंवा जास्त माणसं असतील तर डिस्नीत टिप बिलातच लावून येते, म्हणून वर पुन्हा देण्याआधी बिल नीट वाचा. मिकी माउस किंवा विनी द पू टेबलापाशी भेटायला येतात त्या जेवणांना मोठ्या माणसाला साधारण 60 डॉलर पडतात आणि दहा वर्षांच्या मुलाचं बिल मोठ्या माणसाचं लागतं. माझ्या मते एका सहलीत असं एक जेवण पुरे. पण ते एक जरूर घ्या. मुलांच्या भेटी एका जागी बसून होतात, बाहेर तेवढ्यासाठी दोन-तीन रांगा लावाव्या लागल्या असत्या.

डिस्नीत टेबलाचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं रॉयल टेबल किंवा एपकॉटमधलं स्पेस 220 हवं असेल तर तारीख लक्षात ठेवून पहाटे बसावं लागतं. ऐन वेळी रद्द केलं तर माणशी दंड असतो. युनिव्हर्सलमध्ये एवढी झुंबड नसते. आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरमधल्या मिथॉसला गुहेसारख्या थंड जागेत बसून निवांत जेवता येतं आणि बुकिंग थोडे दिवस आधी केलं तरी बरेचदा मिळतं. काउंटरसाठी दोन्हीकडे अ‍ॅपवरून मागवायची सोय आहे. साडेअकरालाच बाराची वेळ धरून ठेवा. साडेबारा ते दोन या वेळात भुकेली मुलं घेऊन टेबल शोधणं म्हणजे शिक्षा आहे.

आता शाकाहाराचं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत निदान एक जण तरी पूर्ण शाकाहारी असतो, आणि ती व्यक्ती बहुधा आई किंवा आजी असते, जी "माझं काय, मी फळं खाईन" म्हणून विषय संपवते. तिला फळांवर ठेवायची गरज नाही. या बाबतीत डिस्नी स्पष्टपणे पुढे आहे. मेन्यूवर पानाचं चिन्ह असलेले पदार्थ पूर्ण वनस्पतिजन्य असतात, म्हणजे अंडंही नाही आणि दूधही नाही. नुसतं व्हेजिटेरियन लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं, कारण तिथे अंडं शाकाहारात धरतात. टेबलाचं बुकिंग करताना पथ्य लिहून ठेवता येतं आणि विचारलं तर शेफ स्वतः येऊन बोलतो. कांदा-लसूण चालत नसेल तर हे बोलणं फार उपयोगी पडतं.

अ‍ॅनिमल किंगडममधल्या सातुली कँटीनमध्ये भात किंवा धान्यावर टोफू घातलेला बोल मिळतो. वरणभाताची सवय असलेल्या पोटाला तो बर्गरपेक्षा कितीतरी जवळचा. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं साना तर मी प्रत्येक मराठी कुटुंबाला सुचवेन. तिथे नान आणि वेगवेगळ्या चटण्यांचं ताट येतं, आणि खिडकीबाहेर मोकळ्या माळावर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. त्यासाठी पार्कचं तिकीटही लागत नाही. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत आणि प्रत्येकात खायला काहीतरी असतं. चार माणसांनी चार ठिकाणांहून थोडं थोडं घेऊन वाटून खाल्लं तर संध्याकाळ मजेत जाते. राईड्सचा कंटाळा असलेल्या मोठ्यांना चारही पार्कांत एपकॉटच सगळ्यांत जास्त आवडतं, असं मी पाहिलंय.

युनिव्हर्सलमध्ये शाकाहारी पदार्थ मिळतात, पण शोधावे लागतात. थ्री ब्रूमस्टिक्स आणि लीकी कॉल्ड्रन या पॉटरच्या गोष्टीतल्या खानावळी बघायला अप्रतिम आहेत. तिथला मुख्य भर मात्र मासे, कोंबडी, पोर्क आणि बीफवर. मांसाहारी माणसाने तिथे जरूर जेवावं. शाकाहाऱ्याने बटरबिअर प्यावी (नावात बिअर असली तरी दारू अजिबात नसते) आणि जेवण सिटीवॉकमध्ये घ्यावं. दोन्हीकडे लागू पडणारी सावधगिरी: फ्राइज त्याच तेलात कोंबडीबरोबर तळलेल्या असू शकतात, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासा असतो, मार्शमेलोत जिलेटिन असतं. विचारायला लाजू नका, तिथल्या कर्मचाऱ्यांना या प्रश्नांची सवय आहे.

घरून डबा नेणार असाल तर इथेही डिस्नी मोकळी आहे. काचेची भांडी आणि दारू सोडून बाहेरचं खाणं आत नेता येतं, म्हणजे चपातीचा रोल, चिवडा, लाडू सगळं चालतं. युनिव्हर्सल थोडी कडक, पाण्याची बाटली आणि छोटासा खाऊ चालतो, जेवणाचा डबा भरून नेणं अपेक्षित नाही. लहान बाळाचं खाणं आणि औषधापुरतं पथ्याचं खाणं दोन्हीकडे चालतं. पाणी विकत घेऊ नका. जिथे काउंटरवर पेयं मिळतात तिथे बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात, आणि फ्लोरिडाच्या उन्हात तो दर तासाला लागतो.

मग कुणी काय निवडावं

धाकटं मूल 122 सेंटिमीटरच्या खाली आणि बरोबर आजी-आजोबा असतील तर डिस्नी, दुसरा विचार नको. मॅजिक किंगडम, अ‍ॅनिमल किंगडम आणि एपकॉट, प्रत्येकाला एक दिवस. एका दिवसात दोन पार्क करायचं पार्क हॉपर तिकीट अशा कुटुंबाने घेऊ नये. पैसे जास्त जातात आणि प्रवासात दुपार संपते. चालणं कठीण असेल तर दारातच व्हीलचेअर भाड्याने मिळते. आजोबा नको म्हणतील, तरी घ्या.

सगळे 130 सेंटिमीटरच्या वर, हातात दोन-तीनच दिवस आणि आधीपासून ठरवत बसायचा कंटाळा, तर युनिव्हर्सल. एक्सप्रेस पास देणाऱ्या त्या तीन हॉटेलांपैकी एकात एक रात्र आणि एपिकला एक वेगळा दिवस.

दोन्ही हवंच असेल तर निदान आठवडा लागतो. पाच दिवसांत दोन्ही उरकायचा बेत मला पटत नाही. एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर असताना दमलेली मुलं ओढत नेणं हे पैशाचंही नुकसान आहे आणि मुलांचंही. आधी डिस्नीचे दिवस, मग एक मोकळा दिवस, मग युनिव्हर्सल, हा क्रम बरा. मोठ्या राईड्स बघितल्यावर मुलांना छोट्या फिक्या वाटतात.

त्या मोकळ्या दिवशी कुठे जावं यावर माझं पहिलं मत केनेडी स्पेस सेंटरला. गाडीने पूर्वेला तासाभरावर आहे. अंतराळात जाऊन आलेलं अटलांटिस यान तिथे हाताच्या अंतरावर दिसतं आणि 110 मीटर लांबीचं सॅटर्न पाच रॉकेट आडवं ठेवलेलं आहे, त्याच्याखालून चालत जाता येतं. हिवाळ्यात गेलात तर ब्लू स्प्रिंग स्टेट पार्कचाही विचार करा. झऱ्याचं पाणी बारा महिने 22 अंशांच्या आसपास असतं, म्हणून थंडीत मॅनटी नावाचे मोठे, संथ जलचर उबेसाठी तिथे गोळा होतात. कठड्यावरून निवांत बघता येतात. प्रवेश शुल्कही पार्कांच्या तुलनेत अगदी किरकोळ.

मुलांच्या शाळेमुळे जून ते सप्टेंबरमध्येच जावं लागत असेल तर दुपारची वादळं धरूनच बेत आखा. वीज कडाडली की दोन्हीकडच्या उघड्यावरच्या राईड्स थांबवतात. हॅग्रिड, व्हेलॉसिकोस्टर आणि खाणगाडी सकाळी उरका, टेबलावरचं जेवण दुपारी तीनच्या सुमाराला ठेवा. बाहेर पाऊस कोसळत असतो तेव्हा तुम्ही आत बसून जेवत असता, आणि बाहेर पडाल तेव्हा पावसाला कंटाळून बरेच लोक हॉटेलवर परतलेले असतात.