स्मार्ट होमचा ऑनलाइन क्लास: आईबाबांना लावून दिला, कसा वाटला ते सांगतो

घरात स्मार्ट बल्ब, प्लग, स्पीकर सगळं आणून ठेवायचं आणि मग साधा दिवा लावायलाही आईबाबांनी मला फोन करायचा, याला वैतागून त्यांना एका ऑनलाइन क्लासला बसवलं, बाजूला बसून मीपण बराचसा पाहिला.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे मॅडमनी सुरुवातीला अ‍ॅपला हातच लावला नाही. आधी भिंतीवरचं बटण. ते बंद केलं की बल्बची वीजच जाते, मग अ‍ॅपवर कितीही बोटं मारा नाहीतर अलेक्साला ओरडा, तो ऐकणार कुठून? बाबांना खोलीतून निघताना बटण खटकन बंद करायची सवय, त्यामुळे आमच्याकडे निम्मी भांडणं याच्यावरूनच. एका काकूंनी विचारलं, वायफाय गेलं तर अंधारात बसायचं का? मॅडमनी सरळ राउटरच बंद केला (क्लास मोबाइल डेटावर चालू होता म्हणून बरं, नाहीतर आम्हीच गायब). अ‍ॅपमध्ये गोल फिरत राहिलं, मग त्यांनी भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू केलं आणि बल्ब लागला. आईच्या चेहऱ्यावरची भीती तिथेच गेली.

बरेचसे बल्ब-प्लग 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवरच जोडले जातात, 5 वालं चालत नाही, हेही छान समजावलं. 5 वालं वेगवान पण भिंती आल्या की दमतं, 2.4 हळू पण लांब पोचतं. आणि नावं! 'बेडरूम लाइट' आणि 'बेडरूम लॅम्प' ठेवलं की स्पीकर गोंधळतो, त्यापेक्षा 'खिडकी', 'कपाट' असं जागेवरून ठेवा म्हणाल्या, आम्ही लगेच बदलली.

आता खटकलेलं. रंगीत लाइटच्या करामतींवर भरपूर वेळ आणि प्लगवर किती लोड चालतो हे एका वाक्यात उरकलं. अहो, प्लगवर 10 अँपिअर लिहिलंय का 16 ते न बघता कुणी गीझर लावला तर? माइक कसा बंद करायचा तेही शेवटी घाईघाईत, एकोवर (अलेक्साचा स्पीकर) माइक बंद केला की लाल लाइट लागतो एवढंही सांगितलं नाही, बाबांना वाटलं बिघडला. आणि अकाउंट मुलाच्या नावाने काढा हा सल्ला मला अजिबात पटला नाही. घरात राहतात आईबाबा, तर मुख्य अकाउंटही त्यांचंच हवं, मुलांना मेंबर म्हणून जोडा ना, गुगल होम अ‍ॅपमध्ये ती सोय आहेच. मुलगा परगावी, त्याचा फोन बंद, आणि नवीन बल्ब जोडायला इथे दोघं ताटकळत बसलेत, काय उपयोग?

5 पैकी साडेतीन देईन. अगदी नवख्यांना लावून द्यायला हरकत नाही, फक्त प्लगचं आणि अकाउंटचं तुम्ही स्वतः शेजारी बसून सांगा. क्लास मराठीत आणि नोट्सची पीडीएफ मात्र इंग्रजीत, हे कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे, आईने शेवटी सगळं स्वतःच वहीत उतरवून काढलं.