मारुती 800 ची इंडिकेटरची दांडी मोडली : चिकटवायची, भंगारातली घ्यायची की नवा स्विच बसवायचा?

दुकानात जाऊन "इंडिकेटरची दांडी द्या" म्हटलं की काउंटरवरचा माणूस पूर्ण कॉम्बिनेशन स्विच समोर ठेवतो. तो फसवत नसतो. 800 सारख्या जुन्या गाडीत दांडी हा सुटा भाग नाहीच. इंडिकेटर, डिपर, हेडलाइट आणि वायपर यांचा मिळून स्टीयरिंगच्या नळीवर एकच ठोकळा बसलेला असतो आणि दांडी त्यातून बाहेर आलेली असते. म्हणून दांडी मोडली की निर्णय पूर्ण ठोकळ्याचा घ्यावा लागतो. 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं, म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. एवढ्या वयात प्लास्टिक एकटं म्हातारं झालेलं नसतं, आतले पॉइंटही, म्हणजे करंट जोडणारे धातूचे तुकडे, झालेले असतात.

पैसे काढण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, मोड नेमकी कुठे आहे. टोकाचा फिरवायचा नॉब निघाला असेल, दांडी मध्येच तुटली असेल किंवा मुळाशी, जिथे ती ठोकळ्यात शिरते तिथून गेली असेल, तर या तिन्हींचे उपाय वेगळे. दुसरी, आतला स्विच जिवंत आहे का. उरलेल्या खुंटाला बोटाने ढकलून बघा. डावीकडे-उजवीकडे स्वच्छ 'टक' येते का, सोडल्यावर जागेवर थांबतो का, आणि स्टीयरिंग फिरवून परत आणल्यावर आपोआप मधे येतो का? हेडलाइट लावून दहा मिनिटं ठेवा, मग खालचं कव्हर उघडून कपलरला, म्हणजे स्विचच्या वायरी गाडीच्या वायरिंगला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगला, हात लावा. नुसता कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल किंवा जळक्या बॅकेलाइटचा तो ओळखीचा वास येत असेल, तर दांडी चिकटवण्यात वेळ घालवू नका. तो स्विच असाही जाणारच होता.

एक गफलत वरचेवर होते. दांडी धड आहे पण इंडिकेटर लागत नाही, किंवा फार भरभर लुकलुकतो, म्हणून लोक स्विच बदलतात. भरभर लुकलुकणं म्हणजे बहुतेक वेळा त्या बाजूचा एखादा 21 वॉटचा बल्ब गेलेला असतो किंवा त्याच्या होल्डरला गंज असतो. हझार्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावणारं बटण, दाबून बघा. चारही दिवे नीट लागत असतील तर बल्ब ठीक, मग इंडिकेटरचा फ्यूज आणि स्विच तपासा. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकला पाहिजे, हे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजता येतं.

चिकटवणं

मुळाशी मोडलेली दांडी फेविक्विकने चिकटवून टिकत नाही, आणि त्यामागे साधं गणित आहे. बोट मुळापासून साधारण 12 सेंटिमीटरवर दाब देतं. मुळाशी दांडीची जाडी जेमतेम 1 सेंटिमीटर. बोटाचा एक किलोचा दाब मुळाशी बारा किलोच्या ओढीसारखा लागतो, तोही दिवसात शंभरदा आणि चार दिशांना. फेविक्विक सरळ ओढ सहन करतं, वाकवल्यावर काचेसारखं तडकतं. शिवाय ते पातळ असतं. आत ओघळून पॉइंटवर पसरलं की चालू असलेला वायपरसुद्धा बंद पडतो. एम-सीलचा गोळा दिसायला भक्कम, पण गुळगुळीत प्लास्टिकवरून तो सालपटासारखा सुटतो. वर तो इतका जाड होतो की दांडी कव्हरच्या फटीत अडकते.

चिकटवणं चालतं ते मध्ये मोडलेल्या दांडीला, आणि तेही आधार घालून. दोन्ही तोंडं 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, स्पिरिटने पुसा. पेट्रोलने अजिबात नाही, त्याने एबीएस प्लास्टिकला बारीक भेगा जातात. आराल्डाइटच्या दोन्ही ट्यूब सारख्या प्रमाणात घ्या आणि बाहेरून दोन बाजूंना सायकलच्या स्पोकचे 2 मिलिमीटर जाडीचे तुकडे खाचेत बसवून बांधा. पूर्ण 24 तास हात लावू नका. मधोमध भोक पाडून पिन घालायचा मोह आवरा. 800 मध्ये हेडलाइट दांडीचं टोक फिरवून लागतो, म्हणजे दांडी आतून पोकळ असते आणि लाइटची जोडणी तिच्यातूनच जाते. ड्रिलने ती तुटली तर इंडिकेटर वाचेल आणि हेडलाइट जाईल. ज्या जुन्या जीप-टेम्पोंमध्ये दांडी नुसती भरीव काठी असते, तिथे हाच पिनचा उपाय वर्षानुवर्षं टिकतो.

नॉब निघाला असेल तर मात्र हौसेने चिकटवा. तिथे ताण जवळपास नसतोच.

भंगारातला, लोकल की कंपनीचा

खरी निवड या तिघांत आहे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ ही नावं यासाठी सगळ्यांना ठाऊक आहेत.

भंगारातल्या स्विचचा मोठा गुण म्हणजे तो मूळ असतो. कपलर जुळतो, वायरचे रंग जुळतात, दांडीची उंची-तिरकस जुळते आणि 'टक' अजून खणखणीत असते. दोष एकच, पण मोठा: तोही तुमच्या स्विचइतकाच जुना आहे. उन्हात उभ्या गाडीतून काढलेल्या स्विचचं प्लास्टिक पांढुरकं, खडूसारखं झालेलं असेल तर तो चार महिन्यांत त्याच जागी मोडेल. घेताना दांडी हलवून बघा, मुळाशी लटपट नको. कपलरच्या पिनांवर हिरवा गंज किंवा काळा डाग नको. मल्टिमीटर बझरवर (जोडणी असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवून इंडिकेटरच्या पिना तपासा: डावीकडे एक जोडी वाजली पाहिजे, उजवीकडे दुसरी, मध्ये शांतता. दांडी हळूच हलवताना बझर तुटक वाजला तर परत ठेवा. भाव हा नव्या लोकल स्विचच्या निम्म्याहून जास्त सांगत असतील तर त्यात अर्थ नाही.

लोकल म्हणजे बाजारातला नवा, कंपनीचा नसलेला. इथे प्रत दुकानागणिक बदलते. मोटार कंपन्यांना स्विच पुरवणाऱ्या युनो मिंडासारख्या नावाचा माल मिळाला तर तो घ्या. खोक्यावर काहीच छापलेलं नसेल तर दुकानातच चार गोष्टी बघून घ्या. वायर जुन्या स्विचइतक्या जाड आहेत का? स्वस्त मालात हेडलाइटची वायर इंडिकेटरच्या वायरइतकीच बारीक निघते. डावी-उजवी 'टक' वेगळी जाणवते का? आतला छर्रा आणि त्यामागची स्प्रिंग नरम असली की खड्ड्यात इंडिकेटर आपोआप बंद होतो. पासचा फ्लॅश (पुढच्याला खूण करायला हेडलाइटची क्षणभराची उघडझाप) मारून सोडल्यावर दांडी परत येते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपोआप बंद करणारी ती प्लास्टिकची जीभ. स्टीयरिंगच्या मध्यातल्या खुंट्या तिलाच ढकलतात. लोकल स्विचमध्ये सगळ्यात आधी जाते ती हीच. मग वळण संपलं तरी इंडिकेटर चालूच राहतो आणि मागचा दुचाकीवाला तुमच्या नावाने बोटं मोडत राहतो.

कंपनीचा स्विच मिळाला तर वाद संपला. मारुती जेन्युइन पार्ट्सच्या काउंटरवर नुसतं "800" सांगून उपयोग नाही, आरसी बुकातला चेसिस नंबर घेऊन जा. एकाच 800 मध्ये कार्ब्युरेटरवाली जुनी आणि एमपीएफआय (इंधन फवारणाऱ्या इंजिनाची) नंतरची अशा पिढ्या आहेत, आणि दिसायला सारख्या स्विचचे कपलर वेगळे निघू शकतात. साठा नसेल तर मागवतात का, किती दिवस लागतील आणि आगाऊ पैसे परत मिळतात का, हे तिथल्या तिथे विचारा. तोवर गाडी उभी ठेवता येत नसेल तर हे सगळं कागदावरच राहतं.

कुठलाही घेतलात तरी जुना स्विच हातात धरून दुकानात जा, किमान दोन्ही कपलरचे फोटो तरी न्या. पिनांची संख्या, खाचेची बाजू आणि वायरचे रंग जुळवा. "कपलर कापून जोडून देतो, चालतंय" असं ऐकू आलं तर दुसरं दुकान गाठा. वायरिंगमध्ये पिळून टेप मारलेले आठ-दहा जोड म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं काम.

रोज वापरातल्या गाडीला आमचं मत सरळ आहे. कंपनीचा मिळत असेल तर तो, नाहीतर नाव असलेला नवा स्विच. भंगारातला घ्यावा तो महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीसाठी किंवा नव्यातला एकही कपलर जुळत नसेल तेव्हा.

डॅशबोर्डला तीन जागांचा टॉगल स्विच लावणं हा चौथा रस्ताही गॅरेजवाले सुचवतात. फ्लॅशरची (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीची) वायर मधल्या पिनेला, डावी-उजवी बाजूच्या पिनांना, आणि अर्ध्या तासात इंडिकेटर सुरू. स्विच येईपर्यंतचे आठ दिवस काढायला हे बरं आहे. कायमचं करू नका. हात स्टीयरिंगवरून काढावा लागतो आणि आपोआप बंद होणं संपतं. 15 वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते, तेव्हाही हे जुगाड डोळ्यांत भरतं.

बसवताना काय बिघडतं

काम अवघड नाही, पहिल्यांदा करणाऱ्याला दीड-दोन तास धरा. पुढची चाकं सरळ करून गाडी उभी करा आणि 10 च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा. हॉर्नचं पॅड काढून त्याची वायर सोडवा. मधला नट ढिला करा, पण दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवा, पूर्ण काढू नका. स्टीयरिंग घट्ट बसलेलं असतं आणि जोर लावल्यावर सुटलं की थेट नाकावर येतं. शाफ्ट आणि स्टीयरिंगवर मार्करने एक रेघ मारा. मग तळव्यांनी आतून बाहेर, आळीपाळीने डावी-उजवीकडे ठोसे द्या. नाही निघालं तर पुलर, म्हणजे स्टीयरिंग ओढून काढायचं अवजार, आणा. शाफ्टच्या डोक्यावर हातोडा मारू नका, आट्या चेपतात आणि खालच्या जोडांना मार बसतो.

नळीवरची प्लास्टिकची कव्हरं खालून स्क्रूने धरलेली असतात. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असू शकते, कुठला कुठून निघाला ते लिहून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो वायरीत घुसतो. कपलर ओढताना कुलपाची खीळ दाबा आणि कपलर धरूनच ओढा.

नवा स्विच जागेवर कसण्याआधी नुसते कपलर लावा, बॅटरी जोडा आणि डावा, उजवा, डिम, फुल, पास, वायपर असं सगळं हातात धरून चालवून बघा. परत न्यायची वेळ आलीच तर ती आत्ताच येऊ दे. मग बॅटरी पुन्हा काढून स्विच बसवा. स्टीयरिंग चढवताना दांडी बरोबर मध्ये हवी आणि स्टीयरिंगच्या मागच्या खुंट्या स्विचच्या खाचेत बसल्या पाहिजेत. दांडी एका बाजूला ठेवून स्टीयरिंग दाबलं की ती जीभ पहिल्याच मिनिटाला तुटते. नव्या स्विचची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं हेच निघतं. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

हे सगळं एअरबॅग नसलेल्या 800 साठी आहे. स्टीयरिंगमध्ये एअरबॅग असलेल्या गाडीत घरी हात घालू नका.

नवा स्विच पुन्हा जळू नये म्हणून

हेडलाइटचा एच-4 जातीचा मूळ बल्ब 60/55 वॉटचा, म्हणजे फुलला 60 आणि डिमला 55. फुल बीमवर दोन बल्ब 12 व्होल्टवर मिळून 10 अँपिअर खेचतात. अनेकांनी 100/90 चे बल्ब लावलेले असतात, त्यांचे होतात साधारण 17 अँपिअर. जुन्या गाड्यांत हा सगळा करंट दांडीच्या स्विचमधूनच जातो, आणि 10 साठी केलेले पॉइंट 17 वर तापून काळे पडतात. आजूबाजूचं प्लास्टिक त्याच उष्णतेने ठिसूळ होतं आणि एक दिवस डिपर मारताना दांडी हातात येते. म्हणजे मोडलेली दिसते दांडी, कारण बसलेलं असतं हेडलाइटमध्ये.

दोन 30 अँपिअरचे रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच), प्रत्येकाला बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज आणि 2.5 चौरस मिलिमीटरची वायर असं रिले किट लावलं की स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा पाव अँपिअरच्या आतला करंट जातो. दिव्यांचा उजेडही वाढतो, कारण बारीक वायरीत हरवणारा व्होल्ट वाचतो. मूळ वॉटचे बल्ब परत लावणार असाल तर रिले नसले तरी चालेल. 100/90 ठेवायचे असतील तर रिलेशिवाय नवा स्विच बसवू नका, मग तो कंपनीचा का असेना.

काढलेला जुना स्विच फेकू नका. त्याचा नॉब, छर्रा, स्प्रिंग आणि धड असलेले कपलर वायरच्या वीतभर तुकड्यासकट कापून डबीत ठेवा. त्या मापाची स्प्रिंग सुटी शोधायला गेलात तर दिवस जातो.