‘महिना उलटला’ या दोन शब्दांत हरवलेली प्रेमकथा

१८१७ चं नागपूर, भोसले आणि इंग्रज यांच्यातली सीताबर्डीची लढाई, कोष्टीपुऱ्यातली म्हणजे विणकरांच्या वस्तीतली मुलगी आणि भोसल्यांच्या अरब पथकातला तरुण शिपाई. एवढी सामग्री, आणि लिहिणारी लेखिका आपल्या सगळ्यांची लाडकी. वाड्यातल्या विहिरीच्या रहाटावरून दोन माणसांचं नातं उभं करणारी, जात्याच्या खुंट्यावरून घरातलं राजकारण सांगणारी. म्हणून नागपूरच्या वाचकांनी ही कादंबरी पहिल्याच आठवड्यात विकत घेतली. वाचून झाल्यावर जी निराशा झाली ती मात्र नुसत्या चुकलेल्या तारखांची नाही. ऐतिहासिक प्रेमकथेत दोघांच्या मधला अडथळा त्या काळातून आलेला असावा लागतो. इथे काळ खोटा पडला, त्यामुळे अडथळाही खोटा पडला. मग उरलं ते एक गैरसमजाचं पत्र, जे कुठल्याही शहराच्या, कुठल्याही शतकाच्या कथेत चाललं असतं.

मुखपृष्ठापासून सांगते. नायिका भरजरी पैठणीत, मागे बुरुजांचा किल्ला. सीताबर्डीचा किल्ला इंग्रजांनी बांधला तो लढाई जिंकल्यावर. २६ नोव्हेंबर १८१७ ला तिथे तट नव्हता, बुरूज नव्हते. नुसत्या दोन टेकड्या होत्या, एक मोठी, एक लहान, शेजारी रेसिडेन्सी म्हणजे इंग्रज वकिलाचं ठाणं आणि पायथ्याशी झोपड्यांची वस्ती. आत मजकुरातही नायिका ‘तटाच्या सावलीत’ उभी राहून नायकाची वाट बघते. चित्रकाराकडून चूक होऊ शकते, पण हा तट लेखिकेच्या वाक्यात आहे.

टेकड्या दोन होत्या, हा बारकावा नाही. लढाईचा सगळा जीव त्यात आहे. इंग्रजांकडे जेमतेम १,४०० च्या आसपास माणसं होती, भोसल्यांची फौज त्याच्या कितीतरी पट. २६ च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर चालला. २७ ला सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली. त्या काही तासांत भोसल्यांची बाजू जिंकत होती. मग इंग्रजांच्या घोडदळाने खालच्या मैदानात चढाई केली, लहान टेकडीवर दारूचा साठा उडाला, गोंधळात इंग्रजांनी ती टेकडी परत घेतली आणि दुपारपर्यंत लढाई संपली. आता कादंबरीचा नायक अरब पथकात आहे. म्हणजे २७ च्या सकाळी तो लहान टेकडीवर उभा असायला हवा, जिंकलेला. आयुष्यातली सगळ्यात मोठी सकाळ, आणि दुपारी हातात काही नाही. कादंबरीत टेकडी एकच आहे आणि नायक रात्रीच खांद्याला गोळी लागून बेशुद्ध पडतो. सकाळ त्याच्या वाट्याला येतच नाही.

त्या रात्रीचं वर्णन ‘काळ्याकुट्ट अमावास्येच्या रात्री’ असं आहे. त्या वर्षी अमावास्या नोव्हेंबरच्या ८-९ तारखेला होती. २६ तारखेला पौर्णिमा होऊन दोन-तीनच दिवस झाले होते, म्हणजे कार्तिक वद्याचा आरंभ. सूर्यास्तानंतरचे पहिले तास अंधाराचे, मग चंद्र वर आला की सगळं मैदान उजळलेलं. नायिका अंधाराचा फायदा घेऊन शहराच्या जुम्मा दरवाजातून निघते, तलावाच्या काठाने सीताबर्डीला पोचते आणि पहाटेच्या आत परतते, तेही कुणाच्या नजरेला न पडता. राजवाड्याच्या महाल भागापासून टेकडीपर्यंत वाट अडीच-तीन किलोमीटरची, मध्ये शुक्रवारी तलाव, आजूबाजूला फौजेचा तळ. चांदण्यात हे जमत नाही. ते जमत नाही, यातच प्रसंग होता: अंधाराचे मोजके तास आणि चंद्र उगवायच्या आत परतायचं. पंचांग उघडलं असतं तर ही घालमेल आयती हाती आली असती.

आता कोष्ट्यांच्या मागाबद्दल, कारण या लेखिकेकडून सगळ्यात जास्त अपेक्षा इथे होती. नायिका ‘दोरीला हिसका देते आणि धोटा सर्रकन पलीकडे धावतो’, हे वाक्य तीनदा येतं. धोटा म्हणजे आडवा धागा नेणारं मागाचं अवजार. दोरीचा झटका माग आपल्याकडच्या विणकरांच्या घरात शिरला तो फार पुढे. १८१७ मधला माग खड्ड्यातला. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात पावड्यांवर, आणि धोटा या हातातून त्या हातात फेकायचा. शिवाय ती विणते काय, तर मोराच्या पदराची पैठणी. नागपूर-भंडाऱ्याच्या कोष्ट्यांची ओळख करवत काठी साडीची आहे. अंग टसरचं म्हणजे कोशाचं, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. हे दात काढायला धोटे तीन लागतात, एक मधल्या अंगाचा आणि दोन्ही काठांचा एकेक. प्रत्येक फेकीला अंगाचा बाणा म्हणजे आडवा धागा आणि काठाचा बाणा एकमेकांत अडकवावा लागतो, आणि तो किती ताण्यांवर म्हणजे उभ्या धाग्यांवर अडकवायचा हे पायरीपायरीने बदललं की दात उमटतो. अडकवण चुकली तर काठ आणि अंग यांच्यात फट राहते, साडी चार धुण्यांत काठापासून सुटते. ताण सारखा नसेल तर काठ आवळतो आणि अंग फुगतं. झटक्याचा धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच बाणा नेतो, म्हणून त्याने हे काम होत नाही.

आणि पन्हा रुंद असला की पलीकडचा काठ सांभाळायला दुसरं माणूस बसवतात. एका मागावर दोघं, हातभर अंतरावर, दिवसचे दिवस, एकमेकांच्या हाताची लय सांभाळत. प्रेमकथा लिहिणाऱ्याला याहून मोठी देणगी काय मिळणार? नायिकेचा बालमित्र, ज्याच्याशी तिचं लग्न ठरवलंय, तो याच घरातला विणकर आहे. तो पलीकडच्या काठाला बसला असता, तर एका शब्दाशिवाय कळलं असतं की मुलीचं मन उडालंय: तिचा ताण ढिला पडतो, दात चुकतो, तो बघतो आणि गप्प राहून उसवतो. कादंबरीत मात्र तो दारातून येतो, ‘तुझं चित्त कुठे आहे?’ असं विचारतो आणि निघून जातो.

चुकलेल्या काही गोष्टी लहान आहेत, त्या पटकन सांगून मोकळी होते. नायकाच्या खिडकीतून संत्र्याच्या बागा दिसतात, पण नागपूरभोवती संत्र्याची बागायती बहरली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कोष्ट्याच्या घरी पाहुण्याला चहा देतात. तेव्हा घरोघरी चहा नव्हता, गुळाचं पाणी किंवा ताक पुरलं असतं. भाद्रपदाच्या तोंडावर काळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते आणि लोक भोसल्यांच्या राणी बाकाबाईंच्या नावाने ओरडतात. काळी मारबत १८८१ ची मानली जाते, पिवळी १८८५ ची, आणि बाकाबाईंशी तिचा जोडलेला संबंध ही लोकांतली समजूत आहे. शिवाय बाकाबाई अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या पालक झाल्या त्याच मुळी १८१८ मध्ये, लढाईच्या वेळचे राजे आप्पासाहेब भोसले पदच्युत झाल्यावर. त्याच दिवसांतला तान्हा पोळा मात्र परंपरेने दुसऱ्या रघुजींच्या काळापासूनचा सांगितला जातो. लाकडी बैल ओढणारी पोरं या कथेत सहज शोभली असती.

भाषेचं दुखणं मोठं आहे. दरबारातली माणसं मराठी दप्तरी वळणाचं बोलली तर समजू शकतं, भोसले मूळचे साताऱ्याकडचे. पण कोष्टीपुऱ्यातली आजी नातीला ‘अगं, असा वेडेपणा करू नये हो’ म्हणते! दोनशे वर्षांपूर्वीची बोली हुबेहूब कुणालाच लिहिता येणार नाही, तशी अपेक्षाही नाही. तरी ‘काहून’, ‘मले-तुले’, वाक्याच्या शेवटी येणारा ‘जी’, ‘तो येऊन राहिला’ ही क्रियापदाची घडण, एवढं आलं असतं तरी माणूस नागपूरचं वाटलं असतं. नायक आणि नायिका एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतात हा तर कादंबरीला प्रश्नच पडत नाही. तो अरब बापाचा मुलगा, नागपुरात वाढलेला, तोंडी बाजारातली हिंदी. ती विणकरांची कोष्टी बोली बोलणारी. दोघांत अर्धे शब्द सामाईक, अर्धे अंदाजाने समजायचे. इथे दोघंही पुस्तकी मराठीत लांबलचक वाक्यं बोलतात.

त्याच ओघात ते पत्र येतं, ज्यावर सगळा उत्तरार्ध उभा आहे. नायक नायिकेला मराठीत पत्र लिहितो, ते भलत्याच्या हाती लागतं, ती रुसते, दोनशे पानं जातात. त्या काळी मराठी रोजचं लिहिणं मोडी लिपीत होतं. ते वाचायला कारकुनी शिक्षण लागे. अरब शिपाई मोडी लिहितो आणि कोष्ट्याची मुलगी ती वाचते, हे मानायला काहीतरी आधार द्यायला हवा होता. दिला नाही. तोंडी निरोप, मध्ये एखादी बांगडीवाली, आणि निरोपातला एक शब्द बदललेला, हे साधं होतं आणि खरं वाटलं असतं.

पण सगळ्यात मोठी खंत पुढेच आहे. सीताबर्डीचं प्रकरण संपतं, पुढच्या प्रकरणाची पहिली ओळ ‘महिना उलटला’ अशी येते आणि आपण थेट जानेवारी १८१८ मध्ये, आप्पासाहेब पुन्हा गादीवर बसलेले बघतो. त्या महिन्यात काय झालं? १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाले. फौजेचा मोठा भाग पांगला. अरबांनी मात्र शहर आणि राजवाडा सोडायला नकार दिला. वेढा पडला, तोफांचा मारा झाला, २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजाच्या बाजूने हल्ला चढवला आणि तो फसला. त्यानंतर बोलणी होऊन ३० डिसेंबरला अरबांनी शहर सोडलं, आपली बायकामुलं आणि सामान बरोबर नेण्याची मुभा घेऊन.

हे वाचून क्षणभर कादंबरी बाजूला ठेवा आणि तिच्याच दोन पात्रांचा विचार करा. नायिकेचं घर लेखिकेनेच जुम्मा दरवाजाच्या आत ठेवलं आहे. म्हणजे हल्ला तिच्या दारावरून गेला. नायक राजवाड्यात, हाकेच्या अंतरावर, आणि मधली गल्ली गोळ्यांच्या माऱ्यात. ज्याच्यासाठी लढायचं तो राजा शत्रूच्या छावणीत बसलेला. आणि मग ३० तारीख: ज्याचं कुटुंब आहे त्याला ते घेऊन जाता येईल. ती त्याचं कुटुंब आहे का? व्हायचं तर सहा दिवसांत निर्णय. निकाह म्हणजे घर, जात, माग, आजी सगळं सुटणार. नाही म्हटलं तर त्याला जन्मभर बघायचं नाही. अडथळा, मुदत आणि किंमत, तिन्ही गोष्टी इतिहासाने मांडून ठेवल्या होत्या. त्या दोन शब्दांत ओलांडल्या गेल्या, आणि जानेवारीत नायक काही न घडल्यासारखा नागपुरातच हिंडताना दिसतो. तो गेला का नाही, कसा राहिला, याबद्दल एक ओळ नाही.

चांगलं काहीच नाही असं नाही. कोशाचे किडे पोसणाऱ्यांकडून माल आणायला बापलेक भंडाऱ्याकडे जातात तो प्रवास, कोसले उकळण्याचा वास, धागा काढताना मांडीवर दिलेला पीळ, ही पंचवीसेक पानं लेखिकेच्या जुन्या हाताची आहेत. आजीच्या मृत्यूचं प्रकरणही. तिथे त्या पुन्हा वस्तूच्या जवळ जातात आणि माणूस आपोआप उभा राहतो. म्हणूनच बाकीचं जास्त लागतं.

छपाई स्वच्छ, बांधणी पक्की, अक्षर मोठं. नकाशा नाही, आणि या पुस्तकाला तो हवाच होता: राजवाडा, जुम्मा दरवाजा, शुक्रवारी तलाव, नाग नदी, दोन टेकड्या, एवढ्या पाच खुणा पुरेशा होत्या. किंमत पाचशेच्या घरात आहे. लेखिकेची सगळी पुस्तकं जमवणाऱ्यांनी घ्यावं. बाकीच्यांनी वाचनालयातून आणून भंडाऱ्याच्या प्रवासाचा भाग आणि आजीचं प्रकरण वाचावं. प्रेमकथेसाठी घेणार असाल तर पैसे ठेवा.

दुसरी आवृत्ती निघाली तर तट काढता येईल, चहाच्या जागी ताक येईल, अमावास्या खोडता येईल, धोट्याची दोरी तोडता येईल. हे एका दुपारचं काम आहे. पण २७ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर हे दिवस नव्याने लिहावे लागतील, आणि ते लिहायची ताकद या लेखिकेत आहे हे त्यांच्या जुन्या वाचकांना पक्कं ठाऊक आहे.