शंभर चेंडूंचा डबा, सात महिन्यांनंतर

जूनमध्ये सरावाच्या प्लास्टिक चेंडूंचा शंभराचा डबा घेतला, दोन हजारांच्या आत. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सात ते अकरा वर्षांची नऊ मुलं संध्याकाळी टेबल टेनिसला येतात, त्यांना मी शिकवते. आधी दोन वर्षं आम्ही सहा चेंडूंवर भागवलं. एक सर्व्हिस, म्हणजे खेळ सुरू करणारा पहिला फटका, झाली की मूल चेंडू आणायला कपाटाखाली शिरायचं. तासाभरात एकेकाच्या वाट्याला वीस सर्व्हिसही यायच्या नाहीत. टेबल टेनिसमध्ये सर्व्हिस हा एकच फटका असा, की तो मारताना समोरच्याच्या चेंडूवर काही अवलंबून नसतं, आणि नेमका तोच मुलांचा कच्चा राहत होता.

आता चेंडूंची बादली टेबलाशेजारी स्टुलावर असते. पलीकडच्या टोकाला दोन खांबांना जुनी मच्छरदाणी बांधली आहे. चेंडू तिच्या झोळीत जमतात आणि सरळ बादलीत ओतता येतात. मूल सलग पन्नास सर्व्हिस करतं. पहिला महिना मी फक्त टॉसवर, म्हणजे सर्व्हिसआधी चेंडू हाताने वर उडवण्यावर घालवला, बॅट खाली ठेवून. नियमानुसार चेंडू उघड्या, सपाट तळव्यावर स्थिर हवा आणि निदान 16 सेंटीमीटर जवळजवळ सरळ वर उडवायला हवा. मुलांना सेंटीमीटर सांगून उपयोग नाही. नेट 15.25 सेंटीमीटर उंच असतं, म्हणून "नेटपेक्षा थोडा जास्त" एवढंच सांगते. तळवा प्रसाद घेताना करतो तसा खोलगट नको, हेही लगेच कळतं. बोटांच्या चिमटीत चेंडू धरायची सवय मोडायला मात्र खरंच तीन आठवडे गेले. सर्वांत लहान मुलाचा हात टेबलाच्या खाली जायचा, तोही फाऊलच. टेबल 76 सेंटीमीटर उंच, त्याला कोपर मुद्दाम उचलून धरायला लागतं.

बॅकस्पिनची, म्हणजे चेंडूला उलटी फिरकी देण्याची, सुरुवात जमिनीवर. फरशीवर बसून चेंडूच्या खालून बॅट घासायची. चेंडू पुढे जाऊन आपणहून परत आला पाहिजे. तो पहिल्यांदा परत येतो तेव्हा मुलं ओरडून सगळ्यांना बोलावतात. मग टेबलावर. दहा चेंडूंवर मी काळ्या मार्करने मधोमध गोल रेघ काढली आहे. रेघ पुढच्या दिशेला ठेवून टॉस करायचा: बॅट सरळ घासली गेली तर रेघ स्थिर दिसते, तिरकी गेली तर चेंडू रंग फासल्यासारखा धूसर दिसतो. मला काही बोलावं लागत नाही. "काकू, रेघ हलली!" हे तेच सांगतात. या डब्याचा मला सर्वांत मोठा फायदा हाच झाला, कारण इतके चेंडू नसते तर दहा बाजूला काढायची हिंमत झाली नसती.

टप्प्यासाठी टेबलावर वहीचे कागद ठेवतो. आखूड सर्व्हिसचा पहिला टप्पा आपल्या बाजूला नेटकडे, लांब सर्व्हिसचा आपल्याच कडेजवळ. चेंडू खूप वरून मारला तर तो उंच उसळतो, म्हणून नेटच्या उंचीपर्यंत खाली येऊ द्यायचा.

आता तक्रारी. डब्यातले सहा चेंडू पहिल्याच दिवशी वाकडे निघाले. टेबलावर गरकन फिरवून पाहिले की डगमगतात. त्यांच्यावर लाल फुली मारून बाजूला काढले. तेरा पायाखाली येऊन फुटले, सात खिडकीबाहेर गेले. उरले 74. आमच्या वेळी सेल्युलॉइडचा चेंडू चेपला तर गरम पाण्यात टाकून फुगवायचो. हे 2014 नंतर आलेले प्लास्टिकचे चेंडू सरळ जोडावरच तडकतात, त्यावर इलाज नाही. शिवाय नवे असताना त्यांच्यावर पांढरी भुकटी असते. ती रबरावर बसली की स्पिन निम्मा होतो असं वाटतं. कोरड्या फडक्याने आधी सगळे पुसून घ्या, आम्ही पहिला आठवडा तसाच घालवला.

सामन्यासाठी हे चेंडू वापरू नका. थ्री-स्टार, म्हणजे सामन्यांच्या दर्जाच्या चेंडूची उसळी जास्त एकसारखी असते, मुलांच्या हाताला फरक जाणवतो. म्हणून सामन्याच्या आधीचे दोन दिवस सर्व्हिससुद्धा थ्री-स्टारनेच करून घेते.

दुसरा डबा मागवणार आहे, पण या वेळी केशरी. आमच्या भिंती पांढऱ्या आहेत, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात टॉस केलेला पांढरा चेंडू लहान मुलांना वरच्या टोकाला क्षणभर दिसेनासा होतो.